ॲडेलाचा पूल

त्या जूनमध्ये ॲडेलाचा गहू रस्त्यावर आला. अगदी शब्दशः आला. एलेव्हेटरच्या कोठ्या काठोकाठ भरल्या, शाळेमागचं पत्र्याचं गोदाम भरलं, आणि तरी शेतांतून ट्रक येतच राहिले. शेवटी रॉय क्लासेननं मेन स्ट्रीटच्या टोकाला डांबरावरच गहू ओतायला सांगितलं. बघता बघता तिथं दुमजली रास उभी राहिली. पीक दणकून आलं होतं आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण गहू न्यायला रेल्वेच्या वॅगन येत नव्हत्या.

एलेव्हेटर म्हणजे धान्याचं उंच कोठार. उत्तरानं माहेरी कळवताना नुसतंच 'मला इथल्या एलेव्हेटरवर नोकरी लागली' असं लिहून टाकलं होतं, आणि कराडला तिच्या वडिलांनी पेठेत सगळ्यांना सांगितलं, की पोरगी अमेरिकेत लिफ्ट चालवते. लिफ्ट परवडली असती. उत्तरा वजनकाट्यावर होती. ट्रक काट्यावर आला, की वजन घ्यायचं, शिडीवरून चढून लांब पोकळ नळी गव्हात खुपसायची, नमुना काढून ओल बघायची, ट्रक रिकामा होऊन आला की पुन्हा वजन. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच. भुसा नाकात जायचा, कुसळं मानेवर आणि जीन्सच्या पट्ट्याखाली टोचत राहायची, खाजवून खाजवून कातडीला रेघा पडायच्या. वरून कॅन्ससचा वारा. हा वारा दमतच नाही, आणि जूनमध्ये तर भट्टीचं दार उघडं टाकल्यागत अंगावर येतो.

पण कुसळांपेक्षा तिला दुसरंच टोचत होतं. काट्याच्या खोलीबाहेर बाकावर शेतकरी टेकलेले असत, खोकत, थुंकत, मोठमोठ्यानं बोलत. तिनं खिडकीची काच सरकवली, की बोलणं बंद. कुणीतरी टोपी मागं सारायचा, कुणी बुटाकडे बघायचा. "किती ओल?" एवढंच विचारायचे. तिनं आकडा सांगितला, की रॉयला हाक मारून तोच आकडा त्याच्याकडून वदवून घ्यायचे. रॉय एलेव्हेटरचा मॅनेजर. तो यायचा, बघायचा, तिचाच आकडा सांगायचा, आणि मग माणसं मान डोलवायची. उत्तरा गप्प बसायची, पण घरी आल्यावर भांडी जरा जास्तच जोरानं घासायची.

याचं मूळ घरातच होतं. तिचा नवरा दिगंबर रेल्वेत होता, मुख्य लाइनपासून फुटून ॲडेलाला येणाऱ्या या फाट्यावरचे पूल आणि रूळ तपासणारा इन्स्पेक्टर. शिकागोतली नोकरी मंदीत गेल्यावर मिळेल ते काम घेऊन तो दोन वर्षांपूर्वी इथं आला होता. तिथल्या डेव्हन रस्त्यावरची देशी भाजी आणि चार मराठी घरं मागं टाकून दोघं या उघड्या माळावर उतरले ते थेट कंपनीच्या पिवळ्या घरात. रुळांना लागून असलेलं ते घर ॲडेलात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात राहील तो कंपनीचा माणूस.

आणि कंपनीशी ॲडेलाचं नातं सासुरवाशिणीचं होतं. राहायचं तिच्या जिवावर आणि बोटं मोडायची तीही तिच्याच नावानं. खरं तर मूळचं गाव इथं नव्हतंच. उत्तरेला ओढ्याच्या पलीकडे होतं. शंभरेक वर्षांपूर्वी रूळ आले ते त्या गावाला वळसा घालून. मग लोकांनी घरंच्या घरं ओंडक्यांवर चढवली आणि बैल लावून रुळांपाशी ओढत आणली. चर्च आणलं, दुकान आणलं, एक दवाखाना वाटेत चिखलात रुतला तो तिथंच राहिला. गावाला नाव दिलं कंपनीच्या सर्व्हेअरनं, आपल्या मेहुणीचं. ती बाई गाव बघायला येणार येणार म्हणत कधीच आली नाही. पुढं दिवसाला चार पॅसेंजर गाड्या थांबत, हॉटेलं होती, बँडसुद्धा होता. मग पॅसेंजर बंद झाली, स्टेशनाला कुलूप लागलं, राहिली ती नुसती मालगाडी. आता कंपनी म्हणत होती, की ओढ्यावरचा लाकडी पूल कुजलाय, नवा बांधणं परवडत नाही, तेव्हा हा फाटाच बंद करू. वॉशिंग्टनच्या कमिशनपुढं अर्जही गेला होता. ऑगस्टमध्ये इथंच शाळेत सुनावणी व्हायची होती. फाटा गेला की एलेव्हेटर जाणार आणि एलेव्हेटर गेला की गाव, हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं.

आणि त्या पुलाखाली हातोडा घेऊन रोज कोण उतरतं, तर दिगंबर. गाडी सावकाश न्या असे फलक रुळांच्या कडेला कुणी लावले, तर दिगंबरनं. आधी गाडी सावकाश, मग वॅगन कमी, मग माल नाही म्हणून फाटा बंद. कंपनीनं मुद्दाम परका माणूस आणलाय, गावातल्याची जीभ अडखळली असती, असं बाकावर बोललं जातं हे उत्तराला माहीत होतं. काच बंद असली तरी कान उघडेच होते.

जूनच्या अखेरीला एका दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालं. सगळं गाव राशीकडे धावलं. ट्रकवरच्या ताडपत्र्या, गोठ्यातल्या ताडपत्र्या, चर्चच्या मांडवाचं कापड, जे मिळेल ते राशीवर ओढायचं आणि कडेला टायर टाकून दोर आवळायचे. उत्तरा गव्हात गुडघाभर रुतत वर चढली. पाय घालावा तिथून गहू घसरायचा आणि पुन्हा खाली. दिगंबर कामावरून तसाच आला, मदतीला लागला. एक दोर त्यानं खुंटाला गाठ मारून पक्का केला. शेजारी डेल नावाचा शेतकरी होता. त्यानं दिगंबरकडे बघितलंही नाही. वाकला, ती गाठ सोडली आणि आपली मारली. गाठ तीच होती. दिगंबरनं दुसरा दोर घेतला, तीही डेलनं सोडून पुन्हा बांधली. मग दिगंबर हात पुसत बाजूला उभा राहिला. वरून उत्तरानं हे सगळं पाहिलं. तिला रडूही आलं आणि रागही आला, आणि राग नक्की कुणाचा आला हे तिला त्या वाऱ्यात ठरवता येईना. गारा शेवटी गावाला हुलकावणी देऊन दक्षिणेला पडल्या.

गावात एकच घर तिला जवळचं वाटायचं, ते वर्ना क्लासेनचं. वर्ना म्हणजे रॉयची विधवा काकू. सत्तरी ओलांडलेली, उंच, हडकुळी, पिवळ्या घराच्या समोरच राहणारी. उत्तरा तिला तोंडावर मिसेस क्लासेन म्हणायची आणि घरात क्लासेनमावशी. येताजाता कुंपणाशी दोन शब्द व्हायचे. पण अलीकडे मावशीचंही काहीतरी बिनसलं होतं. हसायची, पण ओठांनीच. उत्तरानं मनाशी म्हटलं, हिच्याही कानात कुणीतरी भरवलं.

म्हणूनच जुलैत मावशीनं दोघांना जेवायला बोलावलं तेव्हा उत्तराच्या मनात पाल चुकचुकली. आजवर नाही आणि आत्ताच कसं? दोघं गेले तर टेबलाशी रॉय बसलेला. दिगंबरसाठी मुद्दाम मांस न घातलेल्या घेवड्याच्या शेंगा, मक्याची कणसं, पाव. जेवताना वाऱ्यापावसाचं बोलणं झालं. मग रॉयनं काटा खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला. पुलाच्या खाली कंपनी कुणाला उतरू देत नाही, खासगी मालमत्ता म्हणते. म्हणजे त्या लाकडांची खरी अवस्था जगात एकट्या तुलाच ठाऊक. सुनावणीला येऊन जे आहे ते सांगशील का? पूल खराब असेल तर खराब सांग.

दिगंबर ताटाकडे बघत राहिला. कणसाचे दाणे त्यानं एका बाजूला केले. शेवटी, जेवण छान होतं, एवढंच म्हणाला. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली तशी उत्तरा उठली. मावशीचे आभार मानले, दारापाशी चपला पायात सरकवल्या आणि, रिवाजानं, हसून म्हणाली, "ओके देन. वी विल कम."

रॉय खुर्चीतून जवळजवळ उडालाच. त्यानं दिगंबरचा हात दोन्ही हातांत धरून खांद्यापर्यंत हलवला. मावशीनं उत्तराच्या गालाला गाल लावला. उत्तराला वाटलं, चला, निदान निरोप तरी माणसांसारखा झाला.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. काट्याची काच सरकवली, तर बाकावरची माणसं 'मॉर्निंग, उट्रा' म्हणाली. तिनं सांगितलेला आकडा कुणी रॉयला विचारीना. पिवळ्या घराच्या पायरीवर टोमॅटो येऊन पडले, काकड्या, दुधीएवढाल्या झुकिनी. डेलनं पोस्टासमोर दिगंबरला पाहून टोपी काढली.

उत्तरा याला भुलणारी नव्हती. गेल्या महिन्यात जो दोर सोडून बांधतो, तो आज टोपी काढतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. दिगंबरही म्हणाला, की टोमॅटो परत कर, कुणी बघितलं तर वाईट दिसेल. पण परत कुणाला करायचे? नाव कुणाचंच नव्हतं. तिनं त्यांची चटणी केली आणि दोघांनी ती काहीतरी चोरून खाल्ल्यासारखी खाल्ली.

त्याच दिवसांत फोन यायला लागले. डिव्हिजनच्या ऑफिसातून साहेबाचा फोन संध्याकाळी यायचा. दिगंबर फोनची वायर ताणून मागच्या पोर्चवर जायचा आणि दार ओढून घ्यायचा. आतून फक्त 'येस सर' ऐकू यायचं. एकदा आत येऊन म्हणाला, ओमाहाच्या ऑफिसात जागा निघतेय. टेबलाचं काम, उन्हातान्हात फिरायला नको. उत्तरानं विचारलं, ते असं अचानक कसं सुचलं त्यांना? तो म्हणाला, सुचलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडा घेऊन पुलावर गेला. तिसऱ्याही दिवशी गेला. जो पूल याच महिन्यात तपासून झाला, तिथं हा पुन्हा पुन्हा काय बघायला जातो? उत्तराच्या मनानं घेतलं ते घेतलंच. बाकावरचे लोक म्हणतात ते खरं असेल तर? ओमाहाची खुर्ची उगाच कुणी देत नाही. हा माणूस पूल कुजलाय म्हणून सांगून मोकळा झालेला असणार आणि म्हणूनच क्लासेनमावशीच्या टेबलाशी याची मान वर झाली नाही. ती त्याला वाढताना त्याच्या हातांकडे बघायची. तळव्याला हातोड्याचे घट्टे होते. विचारायचं मात्र तिला धाडस होईना. विचारलं आणि तो हो म्हणाला तर काय करायचं?

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी क्लासेनमावशी आली. हातात तिच्या नवऱ्याचा टाय, कागदात गुंडाळलेला. म्हणाली, दिगंबरकडे बरा टाय नसेल तर उद्या हा घालू दे. जजसमोर उभं राहायचं तर टाय हवा.

"कुठल्या जजसमोर?" उत्तरानं विचारलं.

"उद्याच्या. सुनावणीला."

"तो कुठे जाणारे? त्याला कंपनीनं सांगितलंय, जायचं नाही म्हणून."

मावशीचा चेहरा पडला तो बघवेना. हळूहळू, एकेक शब्द वेगळा करत ती म्हणाली, की तू माझ्या दारात उभं राहून सांगितलंस, आम्ही येऊ. रॉयनं त्या शब्दावर सलायना शहरातला, पूल बांधणारा म्हातारा सुतार साक्षीला आणायचा ठरवला होता तो नको म्हणून कळवलं. वकिलाला सांगितलं. सगळ्या गावाला सांगितलं.

उत्तराला काही कळेना. मी असं कधी म्हटलं?

"तू नेहमीच म्हणतेस." आता मावशीचा आवाज चढला. "कुंपणाशी बोलून निघालीस की म्हणतेस, आय विल कम. पहिल्या वेळी मी कॉफी करून बसले. दुसऱ्या वेळी सफरचंदाचा पाय भाजला. दिवस मावळेपर्यंत वाट बघायची आणि तू समोर तुझ्या खिडकीत भांडी घासतेस, मला दिसतं. मग मी मनाशी म्हटलं, काही लोकांना खोटं बोलायची सवयच असते. हे गावच एका येते म्हणून न आलेल्या बाईच्या नावाचं आहे, आम्हाला त्याचं काय नवल. पण जेवणाच्या दिवशी तू नवऱ्यादेखत म्हणालीस. म्हटलं, नवऱ्यासमोर तरी खोटं बोलणार नाही."

उत्तरा पायरीवर बसली. जाते म्हणू नये, येते म्हणावं. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं की आईनं पाठीत धपाटा घातलेला. परक्या मुलखात इंग्रजी बोलताना नकळत तोच धपाटा तिच्या तोंडून 'आय विल कम' वदवून घेत होता, आणि समोरची बाई दोन वर्षं कॉफी गार करत होती. तिनं सांगायचा प्रयत्न केला. आमच्यात निरोप असाच घेतात, जाते म्हणणं अशुभ, येते म्हणजेच जाते. मावशी ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, की ही आता आणखी एक थाप लावतेय असंच तिला वाटतंय. येते म्हणजे जाते, यावर कोण विश्वास ठेवील? टाय पायरीवरच ठेवून ती रस्ता ओलांडून गेली.

उत्तरानं काट्यावर जायच्याऐवजी रुळांची वाट धरली. ऊन मी म्हणत होतं. रुळांखालच्या स्लीपरवरून चालावं तर पाऊल एकावर पडतं आणि दुसऱ्यावर पोचत नाही, खडीतून चालावं तर तळवे भाजतात. डांबराचा वास डोक्यात जात होता. पूल दिसायच्या आधी हातोडा ऐकू आला. ठोका, थोडी शांतता, पुन्हा ठोका.

दिगंबर ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला. तिला बघून त्याचा हात थांबला. तिनं वरूनच विचारलं. इतके दिवस तोंडात धरलेलं एकदाचं टाकलं.

"तुम्ही साहेबाला काय सांगितलंत? पूल खराब म्हणून सांगितलंत ना?"

"खाली ये," तो म्हणाला.

ती बसून, घसरत उतरली. त्यानं हातोडा तिच्या हातात दिला आणि एका खांबाकडे बोट केलं. तिनं मारला. लाकूड खणकन वाजलं, हाताला झिणझिण्या आल्या. दुसरा, तिसरा, तसेच वाजले. मग कडेच्या एकावर मारला तर आवाज भद्द आला, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा.

"असे थोडे आहेत," तो म्हणाला. "बदलले की पूल पुढची वीस वर्षं काढतो. हेच सांगितलं मी. जूनमध्येच सांगितलं. साहेब म्हणाला, गो लुक अगेन. परत बघून आलो, तेच सांगितलं. पुन्हा म्हणाला, नीट बघितलं नाहीस, जा, परत बघून ये. वरून ओमाहाचं गाजर. मला हवं ते दिसेपर्यंत बघत राहा, असं सरळ नाही म्हणत ते लोक."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काट्यावर बसतेस. तुझ्या तोंडून रॉयला कळलं असतं, तर म्हणाले असते यानंच फोडलं."

म्हणजे संशय त्याच्याही पोटात होताच, बायकोबद्दलचा. उत्तराला ते लागलं, पण आज हिशेब मांडायला तिच्याकडे तोंड नव्हतं. तिनं मावशीचं सगळं सांगितलं. कॉफी, पाय, वी विल कम, सलायनाचा सुतार. तो ऐकून आधी हसला, मग हसू विरलं.

"मी चुकून शब्द दिला," ती म्हणाली. "पण ते त्या शब्दावर बसलेत."

"तू निरोप घेतला होतास, उत्तरा."

"त्यांना काय माहीत."

दिगंबरनं हातोडा परत घेतला आणि पुढच्या खांबाकडे वळला. त्या रात्री तो जेवला आणि झोपला. सकाळी नेहमीसारखा कामाचे कपडे घालून कंपनीच्या ट्रकमधून निघून गेला. टाय टेबलावर होता तसाच होता.

शाळेच्या जिममध्ये अख्खं गाव लोटलं होतं. पंखे फिरत होते, तरी माणसं टोप्यांनी वारा घेत होती. उत्तरा एकटी आत आली तेव्हा पुढच्या ओळींतून माना वळल्या आणि तिच्या मागं कुणी नाही हे बघून पुन्हा सरळ झाल्या. ती बसली त्या बाकावरची बाई सरकून दुसरीकडे गेली. रॉय दाराकडे बघत होता. कंपनीचा वकील बोलत होता, सभ्य, हळू आवाजात, कुणाच्या मृत्यूची बातमी द्यावी तसा. साहेबही त्याच्या शेजारी होता. त्यानं सांगितलं, की पूल वारंवार तपासलाय, एकदा नाही, अनेकदा. उत्तराला त्या 'अनेकदा'चा अर्थ कळला आणि तिच्या अंगाची लाही झाली.

दार वाजलं ते दुपारी. दिगंबर होता. बुटांना ओढ्याची माती, शर्टावर डांबराचे डाग, गळ्यात मेलेल्या क्लासेनकाकांचा टाय. वाटेत घरी थांबून घालून आला असणार. गाठ वाकडी होती. साहेब अर्धा उठला आणि बसला.

रॉयच्या वकिलानं त्याला पुढं बोलावलं. दिगंबरनं जे होतं ते सांगितलं, पुलावर उत्तराला सांगितलं तेवढंच आणि तसंच. जज म्हातारा होता, त्यानं मध्येच विचारलं, लाकूड चांगलं हे कळतं कसं? दिगंबर म्हणाला, ऐकू येतं. जिममध्ये कुणीतरी हसलं.

मग कंपनीचा वकील उठला.

"म्हणजे हे सगळं तुमच्या कानावर आहे?"

"हो."

"तुमची पत्नी कुठे नोकरी करते?"

"एलेव्हेटरवर."

"फाटा बंद झाला तर तिची नोकरी जाईल?"

"जाईल."

"कंपनीनं तुम्हाला इथं यायला मनाई केली होती. मग या लोकांना तुम्ही येणार हे आधीपासून कसं ठाऊक होतं? यांनी साक्षीदारांत तुमचं नाव महिन्यापूर्वी घातलंय. तुमच्या पत्नीनं त्यांना तसं वचन दिलं होतं का?"

उत्तराला समोरचा खड्डा स्वच्छ दिसला. हो म्हटलं तर आतून संगनमत ठरलं, साक्ष मातीमोल. पण एका वाक्याचं काम होतं. ते वचन नव्हतं, आमच्या भाषेत निघताना असं म्हणतात, बाईमाणूस बोलण्यात चुकली, एवढं सांगितलं की सुटलं. ती स्वतःच उठून ते सांगायला निघाली होती, बाकाच्या कडेला हात टेकला होता. दिगंबरनं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या पलीकडे, क्लासेनमावशी बसली होती तिकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं येतो म्हणून सांगितलं होतं. म्हणून आलो."

वकील मंद हसला आणि खाली बसला. उत्तराच्या मागच्या ओळीत कुणीतरी कुजबुजलं, की बघ, मी म्हणत नव्हतो, यांचं आतून काहीतरी ठरलेलं असणार. आवाज डेलचा होता. रॉय टेबलाकडे बघत बसला. क्लासेनमावशी मात्र मान वळवून उत्तराकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आता ना राग होता ना भरवसा, नुसतं न उलगडणारं काहीतरी होतं. आपण दोन वर्षं एका खऱ्या बाईला खोटी समजलो, की एका खोट्या बाईनं आज आपल्याला पुन्हा बनवलं, हे त्या म्हातारीला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

बाहेर साहेबानं ट्रकची किल्ली मागितली. तिथंच, पार्किंगमध्ये, सगळ्यांदेखत. दिगंबरनं जुडग्यातून ती सोडवायला घेतली. नख लागेना, कडी उघडेना. साहेब हात पुढं करून उभा. घाम दिगंबरच्या नाकावरून किल्लीवर पडत होता. शेवटी उत्तरानं ते जुडगं घेतलं, दातांनी कडी उघडली आणि किल्ली साहेबाच्या हातावर ठेवली. घर कधी सोडायचं ते कळवू, असं साहेब म्हणाला आणि आत गेला. आतून लाउडस्पीकरवर दुसऱ्याच कुणाची साक्ष चालू झाली होती. निकाल लागायला हिवाळा उजाडणार होता.

दोघं चालत निघाले. मेन स्ट्रीटवर सावली म्हणून नव्हती. गव्हाच्या राशीवरून चिमण्यांचे थवे उठत होते. कापणीत इथं गर्दी करणारी माणसं आज सगळी जिममध्ये, त्यामुळे रस्ता ओस. दिगंबरनं टाय काढला, घडी घालून खिशात ठेवला.

"मला वाटलं होतं, तुम्ही विकले गेलात," उत्तरा म्हणाली. तिला ते पोटात ठेवून घरापर्यंत चालवेना. "ओमाहासाठी. बाकावरचे लोक म्हणायचे आणि मला पटायला लागलं होतं."

"माहीत होतं. वाढताना माझ्या हातांकडे बघायचीस."

"मग चिडला का नाहीत?"

तो थांबला. राशीच्या कडेची एक ताडपत्री वाऱ्यानं सुटून फडफडत होती. त्यानं सवयीनं दोराकडे हात नेला आणि मागं घेतला.

"चिडायला आपण बरोबर असल्याची खात्री लागते," तो म्हणाला. "इतक्या वेळा परत पाठवलं, की शेवटी शेवटी मलाच काही वेगळं ऐकू यायला लागलं होतं. परवा चांगल्या खांबावर मारायचो आणि वाटायचं, भद्द वाजतोय. काल तू मारत होतीस ना, तेव्हा मी आवाज ऐकतच नव्हतो. तुझ्या तोंडाकडे बघत होतो, तुला खणकन ऐकू येतंय का ते."

उत्तरानं वाकून तो सुटलेला दोर उचलला, खुंटाला दोन वेढे दिले आणि बांधला. मग दोघं पिवळ्या घराकडे निघाले, सामान आवरायला.